हुबेहूब कांदी

आयोकाच्या माठांजवळ भांडायला बंदी होती. ही बंदी तिच्या आईच्या आईपासूनची. अबेओकुटा गावात, इतोकूच्या बाजारामागं ज्या ज्या घरांतनं निळीचे माठ मांडलेत, त्या सगळ्या घरांची चालच तशी. माठाशेजारी तोंड वाजलं की नीळ रुसते, कापड भुरकट निघतं, आणि रंगारणींच्या देवीला कोंबडी दाखवल्याशिवाय माठ काही ताळ्यावर येत नाही. म्हणून आयोकाला सवतीशी भांडायचं असलं की ती हातातलं कापड पिळून ठेवायची, अंगण ओलांडून पपईच्या झाडाखाली जायची, तिथं पोटभर भांडायची आणि परत येऊन माठात हात घालायची. पपईखालची माती त्या दोघींच्या पायांनी चोपून चोपून टणक झाली होती. पाऊस पडला तरी तिथं चिखल व्हायचा नाही.

सवत एकच, सिफावू. आयोकाच्या पाठीवर तिच्या नवऱ्यानं, लामिदीनं, ती करून आणली. लामिदीची लाफेनवा भागात फळ्यांची वखार. माणूसही फळीसारखाच, ज्या भिंतीला टेकवाल त्या भिंतीला टेकून उभा. आयोका त्याला 'तायोचे बाबा' म्हणायची, कारण तायो तिचा थोरला. सिफावू 'तितीचे बाबा' म्हणायची, कारण तिती तिची एकुलती एक. लामिदी दोन्ही हाकांना ओ द्यायचा. उठून यायचा मात्र एकाही हाकेला नाही.

रिवाज असा की धाकटीनं सकाळी थोरलीपुढं गुडघे टेकून नमस्कार करायचा. सिफावूही टेकायची. पण गुडघा जमिनीला लागतोय न लागतोय तोच उचलायची, जसं काही खाली निखारे पसरलेत. आयोका ते रोज बघायची आणि रोज म्हणायची, "जगा, सुखी रहा." ते म्हणताना ती दात असे आवळायची की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी.

आयोकाचं खरं काम निळीचं. कसाव्याच्या कंदाच्या खळीत कोंबडीचं पीस बुडवून कापडावर पक्षी, फण्या, पाली काढायच्या, मग कापड माठात सोडायचं. खळ असेल तिथं पांढरं राहतं, बाकी सगळं निळं. पण पुढं छापील स्वस्त कापडाच्या गाठी आल्या आणि निळीला गिऱ्हाईक उरलं नाही. बाजारातल्या निम्म्या रंगारणी भाजी विकायला बसल्या. आयोका बसली नाही. तिनं बघितलं की गावात दर शनिवारी लग्नं लागतात, आणि प्रत्येक लग्नाला रंग लागतो.

त्या गावात लग्न ठरलं की आधी रंग ठरतात, मग तारीख. नवरानवरी एकमेकांना पसंत आहेत का हे त्यानंतर सवडीनं विचारतात. पत्रिकेवर रंग छापतात. नवरीकडच्यांना एक कापड, नवऱ्याकडच्यांना दुसरं, मैत्रिणींना तिसरं. बाईच्या अंगावरचं कापड बघून ती कुणाची कोण, किती जवळची, हे दारातनंच कळतं. त्यात सगळ्यात वरचं म्हणजे आयांचं कापड. आयांचं म्हणायचं, आईचं नाही. बापाला जितक्या बायका तितक्या नवरीच्या आया, आणि त्यात थोरली ती पहिली. आयांच्या रांगेतली पहिली खुर्ची तिची. सासरी निघताना नवरी गुडघे टेकते ती आधी तिच्यापुढं.

तर ह्या रंगांवर आयोकानं पोट भरलं. हॉल सजवायला लागली. खुर्च्यांना बांधायचे पट्टे, टेबलावरचे लांब पट्टे, हातपुसणी, मधल्या उंच फुलदाण्यांतली फुलं, सगळं ती स्वतः रंगवायची. फुलं कापडाचीच. खरी फुलं तिथल्या डिसेंबरच्या धुळकट वाऱ्यात दुपारपर्यंत माना टाकतात. आयोका अस्तराचं सूत कापून पाकळ्या करायची, खळीत घालून कडक करायची, आणि निखाऱ्यावर तापवलेल्या चमच्याच्या पाठीनं एकेक पाकळी वळवायची. तिची बोटं कायम भाजलेली असायची.

ह्या धंद्यात तिचा एक नेम होता. आयांच्या कापडाची चिंधी घ्यायची, पण हॉल त्या रंगाचा करायचा नाही. एक पायरी खाली उतरायचं. कापड गडद तर हॉल फिका. कापड फिकं तर हॉल मातकट. जात एकच, पण भाऊबंदासारखं जरा लांबनं. "हॉल म्हंजे भुई," ती म्हणायची. "भुईवर माणूस उभं दिसलं पायजे. भुई आन माणूस एका रंगाचं केलं तर माणूस गेलं."

हे ती तितीला सांगायची. सिफावू लेस आणायला सारखी सीमेपलीकडं कोतोनूला जायची, आणि पोर अंगणात आयोकापाशी. चिंध्या घेऊन बसायची. एका चिंधीवर दुसरी ठेवून विचारायची, "मोठी आय, ही बुडली का?" आयोका म्हणायची, "बुडली. पायरी उतर." पोर दुसरी चिंधी शोधायची. सिफावू परत आली की आल्या आल्या पोरीचे हात बघायची. "माझी पोर निळी केली," म्हणून पपईखाली हाक द्यायची.

तिती मोठी झाली, इबादानला शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि एका डिसेंबरात तिचं लग्न ठरलं.

आयोकाला दोन्ही मुलगेच. थोरल्या तायोनं परगावी कचेरीत सह्या करून लग्न उरकलं आणि आईला फोनवर फोटो पाठवला. धाकटा अजून हुंदडत होता. म्हणजे नवरीची आई म्हणून पहिल्या खुर्चीवर बसायचं तर ते तितीच्याच लग्नात. दुसऱ्यांच्या आयांसाठी तिनं ती खुर्ची इतक्या वेळा सजवली होती की डोळे झाकून तिचा पट्टा बांधला असता. ह्या खेपेला तिला त्या खुर्चीवर बूड टेकायचं होतं. एवढंच पाहिजे होतं, आणि ते तिच्या हक्काचं होतं.

सिफावू एका दुपारी अंगणात आली. एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात पिशवी. आयोकानं हातातलं कापड पिळलं आणि पपईकडं बोट दाखवलं.

"भांडाय न्हाय आले, आक्का," सिफावू म्हणाली. "काम सांगाय आलीया."

तरी आयोका उठून पपईखालीच गेली. सिफावूनं चिंधी पुढं केली. लेस होती. कांद्याच्या वरच्या पापुद्र्याचा असतो तो रंग, गुलाबी म्हणावा तर जांभळ्याकडं झुकणारा, आणि बारीक भोकांची वेल.

"कांदी," आयोका म्हणाली.

"कांदी आन सोनेरी. पत्रिकेवर छापून झालंय. हॉलात जे जे डोळ्याला दिसंल ते ह्याच रंगाचं पायजे. खुर्च्या, टेबलं, हातपुसणी, फुलं. हुबेहूब. केसभर इकडं न्हाय, केसभर तिकडं न्हाय."

"एक पायरी खाली घ्यावं लागतंय."

"तुमची पायरी ठेवा बाजूला. माझ्या भणीच्या लेकीच्या लग्नात तुमी असंच पायरी पायरी केलं, आन हॉल दिसला धुतल्या फडक्यावानी. लोक नावं ठेवत व्हते."

"लोक जेवत व्हते. तूच दोनदा ताट भरून घेतलं व्हतंस."

"मला हुबेहूब पायजे. जो आत येईल त्याला कळलं पायजे की हॉल कुणाचा हाय."

आयोका तिला भुईची गोष्ट सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. पण आधी तिनं विचारलं, "ह्या कापडातलं माझं कुठाय?"

सिफावूनं पिशवी पुढं केली. आत छापील कापड, हिरवं, त्यावर पिवळे पंखे. मैत्रिणींचं कापड.

"लेस संपली वो आक्का. दुकानदाराकडं तेवढीच गाठ व्हती. माझ्या भणींनी येकेक वाढीव तुकडा घेतला, आता त्यास्नी काय म्हणू? हे हिरवं झ्याक दिसंल तुमास्नी."

"मैत्रिणींचं कापड मी घालू?" आयोका म्हणाली. "मी मैत्रीण कुणाची? तुजी?"

"आता घ्या की समजून. आन तसंबी तुमास्नी बसाय कुठला येळ? हॉलाचं काम तुमच्याकडं. काम करणारं माणूस मागल्या दाराजवळ असल्यालं बरं. खुर्चीवर माझी थोरली भण बसंल. मोकळी ठेवून चालत न्हाय."

आयोका गप्प राहिली. सिफावूला हे नवीन होतं. पपईखाली गप्प राहिलेली आयोका तिनं कधी बघितली नव्हती. तिनं वर एकदा विचारलं, "हुबेहूब जमंल न्हवं? न्हाय तर दुसरीकडं सांगते."

"जमंल," आयोका म्हणाली. "हुबेहूब पायजे तर हुबेहूब मिळंल."

संध्याकाळी तिनं लामिदीला गाठलं. तो आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाचा शिजवलेला गोळा, चिवडत बसला होता.

"तायोचे बाबा, पोरीच्या लग्नात मी मागल्या दाराजवळ उभी ऱ्हायची व्हय?"

"लेस संपली म्हणत्यात."

"कोण म्हणत्यात?"

"दुकानदार."

"तुमी दुकानदाराला भेटलाव?"

"मी कशाला भेटू? मी फळ्या इकतो."

"मग माझ्या खुर्चीचं काय?"

"खुर्च्या लई असत्यात हॉलात," लामिदी म्हणाला, आणि घोटभर पाणी पिऊन ताटाकडं बघत राहिला.

त्यापुढं आयोका कुणाशी काही बोलली नाही.

ती कांदी रंगाच्या मागं लागली. हा रंग निळीतनं येत नाही, पुडीचा रंग उकळून करावा लागतो. तांबड्यात चिमूट तपकिरी, त्यात नखभर निळं. ओलं कापड खोटं बोलतं, वाळल्यावर खरं सांगतं. म्हणून तिनं लेसची चिंधी मनगटाला बांधली आणि तुकड्यामागनं तुकडा वाळवून तिच्याशी लावून बघितला. उन्हात बघितला, सावलीत बघितला, पिवळ्या दिव्याखाली धरला. जरा फिका आला की परत उकळी. जरा तांबूस आला की परत उकळी. अख्ख्या आयुष्यात तिनं कुठल्याही आईसाठी एवढी मेहनत घेतली नव्हती. शेवटी एक तुकडा असा आला की मनगटावरच्या चिंधीवर ठेवला तर चिंधी दिसेचना.

पट्टे बांधायला, फुलं करायला तिच्याकडं शेजारची इबिदुन यायची. विधवा बाई, हाताला चलाख, तोंडाला त्याहून चलाख. तिनं बघितलं की आयोका पाकळ्यांना सुईनं भोकं पाडतेय. लेसला होती तशीच, वेलीवेलीनं.

"आवो," इबिदुन म्हणाली, "ह्यात नवरीची आय दिसायची न्हाय."

"मागून घेतलंय तिनं."

"मागितलं म्हणून तुमी देताव? माझ्या नणंदेनं सगळं पांढरं मागितलं तवा तुमी तिला हाकलून दिली व्हती."

"तुजी नणंद माझी सवत न्हवती."

इबिदुननं पाकळीचं एक भोक दिव्यासमोर धरलं, त्यातनं आयोकाकडं बघितलं आणि हसत हसत पुढली पाकळी घेतली. त्या फुलांवर त्या दोघींनी जो जीव लावला तो बघून कुणालाही वाटलं असतं, ह्या घरात प्रेमाला तोटा नाही.

लग्नाच्या दिवशी पानसेके भागातल्या हॉलात आयोका उजाडायच्या आत पोचली. खुर्चीखुर्चीला कांदी पट्टा, मागं मोठी गाठ. टेबलावर कांदी कापड, वर सोनेरी ताटल्या, ताटलीत कांदी हातपुसणं, मधल्या फुलदाणीत माणसाच्या उंचीला येणारी कांदी फुलं. भिंतींनाही तिनं तेच कापड सोडलं, चुण्या घालून, छतापासून भुईपर्यंत. आणि हिरव्या छापील कापडाचे टरटर फाडून चार तुकडे केले आणि इबिदुनला टेबलं पुसायला दिले. सिफावूची थोरली बहीण खुर्ची बघायला लवकर आली होती. तिनं ते फडकं ओळखलं. नाकपुड्या फुगवून बाहेर गेली.

आयोका मग मागं जाऊन कपडे बदलून आली. तिनं आईच्या हातची निळी कापडं काढली होती. कमरेचं, खांद्यावरचं, डोक्याचं. इतकी जुनी आणि इतक्या वेळा माठात गेलेली की काळीच म्हणावी, आणि त्यावर खळीनं काढलेले पांढरे पक्षी. ती मागल्या दाराजवळ उभी राहिली. सांगितलं होतं तिथंच.

दुपारी वाजतगाजत सिफावू आली. आठ-दहा बहिणी-भावजया, सगळ्यांच्या अंगावर कांदी लेस, डोक्यावर सोनेरी पटके. दारात ती थबकली. हॉलभर नजर फिरवली. खुर्च्या तिच्या, टेबलं तिची, भिंती तिच्या. छाती भरून आली तिची. मागल्या दाराकडं बघून ती हसलीसुद्धा, आणि नाचत नाचत आत शिरली.

चालत होती तोवर ठीक होतं. खुर्चीत बसली आणि संपली.

कांदी खुर्चीत कांदी बाई, मागं कांदी भिंत, पुढं कांदी फुलं. तोंड आणि दोन हात तेवढे हवेत. आयांची अख्खी रांग हॉलानं गिळून टाकली होती. पाहुणे यायचे, इकडंतिकडं बघायचे, नवरीची आई कुठं म्हणून विचारायचे आणि तिच्यासमोरनं निघून जायचे. फोटोवाला आला आणि म्हणाला, "मावशी, जरा डोकं हलवा की, काय बी दिसना." जेवणं सुरू झाली तेव्हा लामिदीचा म्हातारा चुलता रांगेमागनं चालला होता. त्याच्या बोटांना तांबडं तेल. त्यानं हात लांबवला आणि सिफावूच्या खांद्यावरनं लोंबणाऱ्या लेसला बोटं पुसली. नीट, एकेक बोट.

"आवो, काय करताव?" सिफावू ओरडली.

म्हातारा दचकला. "हातपुसणं बोलतंय," तो शेजारच्याला म्हणाला.

आयोका मागल्या दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. ती हसली नाही. नुसती बघत राहिली. मांजर बिळाकडं बघतं तशी.

मग बोलण्यासारखा चढउतार करत शब्दच वाजवणारा बोलका ढोल घेऊन ढोलवाला आला. हे लोक नवरीच्या आईला शोधतात, तिचं कुळ गातात, आणि आपल्या कपाळाला नोटा चिकटवून घेतल्याशिवाय हलत नाहीत. ह्याची नजर सराईत. कोण मोठं कोण बारकं हे तो कापडावरनं ओळखायचा. तो आयांच्या रांगेपुढनं सरळ निघून गेला. रिकाम्या खुर्च्यांपुढं कोण ढोल वाजवतंय? हॉलात त्याला एकच बाई ठसठशीत दिसली. भातावर कावळा बसावा तशी, काळीनिळी, ताठ. तो मागल्या दाराशी गेला आणि तिच्यापुढं कमरेत वाकून वाजवायला लागला. थोरली आई, रंगारणींच्या घरची, नवरीची पहिली आई. ढोल सांगत होता आणि अख्खा हॉल ऐकत होता.

"थोरलीला पुढं आणा," म्हाताऱ्या बायका म्हणायला लागल्या. "मागं काय उभी केलीया तिला?"

माइक धरलेल्या बाईनंही तेच पुकारलं. सिफावूच्या बहिणीला पहिल्या खुर्चीतनं उठावं लागलं. अख्ख्या हॉलासमोर. आयोका सावकाश चालत आली. घाई केली नाही. पहिल्या खुर्चीत बसली आणि मागं टेकून बसली.

"आता नवरी येईल, आयांपुढं गुडघं टेकंल," माइकवाली म्हणाली.

तिती आली. सोनेरी कापडात, मान खाली घालून. आयोकापुढं आली आणि गुडघे टेकले.

हे सिफावूला सोसवलं नाही. ती ताडकन उठली. आणि तिच्याबरोबर खुर्चीपण उठली.

झालं होतं असं की इबिदुन सकाळपासनं सैल पडलेल्या गाठी आवळत फिरत होती. सिफावूच्या खांद्यावरनं मागं पडलेली लेस तिला खुर्चीचा सुटलेला पट्टा वाटली, आणि तिनं तो पाठीमागच्या दांड्याला आवळून झकास फूल बांधलं. इबिदुन आजही पोराबाळांची शपथ घेऊन सांगते की तिला खरंच वळखू आलं नाही. तिच्या शपथेवर कोण विश्वास ठेवतो कोण नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण सिफावू उभी होती, आणि कुल्ल्यामागं खुर्ची लोंबत होती.

हॉल हसला. नवऱ्याकडचे हसले, नवरीकडचेही हसले, वाढपी हातातला जोलोफ भात खाली ठेवून हसले. ढोलवाल्यानं दोन टोले जास्तीचे दिले. लामिदी भिंतीला टेकला होता, तो भिंतीत आणखी जरा आत गेला.

तिती हसली नाही. ती गुडघ्यावरच होती. तिनं आईकडं बघितलं, मग शेजारच्या टेबलावरच्या फुलाकडं बघितलं. हात लांबवून एक पाकळी बोटात धरली. त्यातली भोकं बघितली. सुईनं पाडलेली, वेलीवेलीनं.

"मोठी आय," ती म्हणाली. इतकं हळू की आयोकालाच ऐकू जावं. "ही बुडली का?"

आयोकानं पाकळीवरनं नजर काढून हॉलाकडं लावली.

"मला पायरी उतराय कुणी शिकवलं?"

"तुझ्या आयनं हुबेहूब मागितलं."

"तिला कळत न्हाय. तुला कळतंय."

"तिनं मला मागल्या दाराशी उभी केली."

"व्हय. तिचं तिच्यापाशी. मला सांगितलं असतंस तर मी तुला हात धरून ह्या खुर्चीत बसवली असती. तू मला इचारलं न्हाईस. माझ्याच लग्नात तू माझी आय पुसून टाकलीस."

आयोकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण लोक बघत होते आणि आशीर्वाद द्यायचा होता. "जगा, सुखी रहा," ती म्हणाली. आवाज निघाला, पण तो रोजचाच निघाला. दात आवळलेला. दुसरा तिला त्या घडीला काढताच आला नाही.

तिती उठली. "मोठी आय, तुझ्या खांद्यावरचं दे," ती म्हणाली, ह्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. नवरीनं त्या दिवशी जे मागितलं त्याला आया नाही म्हणत नसतात. आयोकाचा हात खांद्यावरनं निघेना. माइकवाली म्हणाली, "द्या की वो, लेक मागतीया." तिनं दिलं.

तितीनं जाऊन आईमागची गाठ सोडली, खुर्ची खाली ठेवली, आणि ते निळं कापड आईच्या खांद्यावर टाकलं. मग तिच्यापुढं गुडघे टेकले.

आणि सिफावू दिसली. कांदी लेसवर ती गर्द नीळ अशी उठली की हॉलातल्या बायका बघतच राहिल्या. जसं काही ही जोडी मुळातच ठरवलेली होती. फोटोवाला धावला. ढोलवाल्यालाही आपलं पोट होतं, तो वळला आणि सिफावूपुढं वाकून वाजवायला लागला. तिनं त्याच्या कपाळाला नोटांवर नोटा चिकटवल्या आणि एकदाही आयोकाकडं बघितलं नाही.

आयोका पहिल्या खुर्चीत बसून होती. शेवटपर्यंत बसली. तिला पाहिजे होती ती खुर्ची, मिळाली होती, आणि तिथनं तिला कुणी उठवलं नाही. कुणी तिच्याजवळ आलंही नाही. समोरचा भात गार झाला. इबिदुन येऊन म्हणाली, "जिकलाव की वो तुमी." आयोका म्हणाली, "गप पट्टे सोड."

तिती सासरी गेली. फोन करते. बापाची चौकशी करते, आईची करते. आयोकाशी बोलताना विचारते, "माठ कसे हायती?" आयोका सांगते, बरे हायती. एवढंच.

सिफावूची लेस महागाची. पण पुढच्या बारशाला ती घालून गेली तर एका पोरानं बोट दाखवून म्हटलं, खुर्चीचं कापड. त्यानंतर गावभर तेच नाव पडलं. म्हणून एका सकाळी ती अंगणात आली, गुडघा निखाऱ्यावर टेकवल्यासारखा टेकवला, आणि लेसची घडी आयोकापुढं ठेवली. खांद्यावर निळं कापड होतं. लग्नापासनं ते तिनं परत केलं नव्हतं. बाजाराला तेच, मशिदीच्या सणाला तेच. बायका विचारायच्या, कुठनं आणलंस, तर म्हणायची, घरचंच हाय.

"आक्का, हे निळं करा."

"व्हत न्हाय."

"का व्हत न्हाय?"

"सुताचं न्हाय ते. पलास्टिकचा धागा हाय. नीळ धरत न्हाय."

"करायचं न्हाय म्हणून सांगा की सरळ."

आयोकानं लेस उचलली आणि माठात सोडली. दाबून धरली. सुताचं कापड माठातनं निघतं तेव्हा हिरवं असतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. ही लेस बाहेर काढली तर अळवाच्या पानावरनं जावं तसं पाणी तिच्यावरनं ओघळून गेलं. कांदी गेली होती, कांदीच आली.

"बघ," आयोका म्हणाली.

सिफावूनं बघितलं.

"आता माझं कापड दे," आयोका म्हणाली.

"कुठलं?"

"खांद्यावरचं. माझ्या आयचं."

"हे व्हय? हे माझ्या लेकीनं माझ्या अंगावर घातलंय. तिच्याकडनं मागून घ्या. फोन करती न्हवं तुमास्नी?"

आयोकाचं तोंड उघडलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपण माठापाशी उभ्या आहोत. तिनं तोंड मिटलं.

"पपईखाली चल," ती म्हणाली.

"कशाला?" सिफावू म्हणाली. "मला कुठं भांडायचंय?"

आणि निळं कापड खांद्यावर सारखं करत ती आपल्या खोलीत गेली.

आयोकानं लेस पिळली आणि दांडीवर टाकली. न्यायला कोणी आलं नाही, आणि तिनंही काढली नाही. उन्हानं सुताचा रंग उडतो, पलास्टिकचा उडत नाही. त्या अंगणात गेलात तर दिसेल, अजून तशीच लोंबतेय. हुबेहूब कांदी.